घरच्या डब्यातलं येसर

लग्न झाल्यापासून मी बिस्किटाचा एकही पुडा सुखानं फोडलेला नाही. पुडा हातात घेतला की समोरून एक हात येतो, पुडा उलटा होतो आणि मागच्या बारीक अक्षरांचं वाचन सुरू होतं. इकडं माझा चहा निवून जातो. मी म्हणतो, अगं बाई, बिस्कीट आहे ते, सातबारा नाही. त्यावर उत्तर येतं की सातबाऱ्यानं कुणाचं पोट बिघडत नाही.

मी राजानंद. जालन्यातल्या एका हायस्कुलात भूगोल शिकवतो. आणि हे वाचन करणारी माझी बायको, अ‍ॅडव्होकेट दीपमाला. जालन्याच्या कोर्टात वकील काही कमी नाहीत. बांधाच्या भांडणाला वकील, फारकतीला वकील, अपघाताला वकील. पण शेवेच्या तेलापायी, पेढ्याच्या खव्यापायी किंवा पापडाच्या पाकिटापायी नोटीस आली की माणसं आमचं घर विचारत येतात. आमच्या गल्लीत तिला कुणी अ‍ॅडव्होकेट म्हणत नाही. खाण्याची वकीलबाई म्हटलं की शेंबडं पोरगंही बोट दाखवून सांगतं.

हे सोंग मला आधीच कळायला पाहिजे होतं. तिला बघायला आम्ही भोकरदनला गेल्तो तेव्हा आईनं स्टँडवरून पेढ्यांचा बॉक्स घेतला होता. दीपमाला बाहेर आली, सगळ्यांना जयभीम केला, बॉक्स हातात घेतला आणि तिथंच उलटा केला. मग माझ्या आईला विचारलं, मावशी, याच्यावर तारीखच नाही, हे कधीचे आहेत? आईचं तोंड असं झालं की मला वाटलं, उठलो आता आपण. तिचे वडील तातेराव खाली मान घालून बसले. पण मला त्या पेढ्यांची शंका बसमध्येच आल्ती, वासच तसा होता, आणि आईपुढं बोलायची माझी काही हिंमत नव्हती. जी बाई माझ्या आईला हे तोंडावर विचारू शकते तिच्याशीच लग्न करायचं, हे मी तिथंच ठरवून टाकलं.

तातेरावांचं भोकरदनला चहा-भज्यांचं हॉटेल होतं. दीपमाला कॉलेजात केमिस्ट्री शिकत होती तेव्हा त्यांच्या दुधाचा नमुना गेला आणि नापास झाला. गवळी म्हशीचं सांगून गाईचं मिसळत होता, आणि तातेरावांना त्याचा पत्ता नव्हता. त्यांनी केलेला वकील जमिनीच्या केसचा. त्यानं कागद धड वाचलाही नाही, गुन्हा कबूल करा आणि मोकळे व्हा म्हणाला. तातेराव मोकळे झाले, पण पुढं कितीतरी दिवस गिऱ्हाइकाच्या नजरेला नजर देईनात. दीपमालानं ते रोज पाहिलं. मग ती कायदा शिकली आणि त्यातला खाण्यापिण्याचा कायदा तेवढा धरून बसली. बाररूममधल्या लोकांनी सुरुवातीला लय टिंगल केली, पापडाच्या केसा लढवून पोट भरतं का म्हणून. आता दिवाळीच्या तोंडाला तेच लोक फोन करतात की मॅडम, आमच्या मेव्हण्याच्या फरसाणाचं जरा बघा.

तिचा एक नियम आहे आणि तो मला फार महागात पडलेला आहे. अशिलाच्या घरचं ती खात नाही आणि त्यानं दिलेलं काही घरात घेत नाही. दिवाळीत आमच्या फाटकापर्यंत काजूकतली येते, मी ती डोळ्यांनी बघतो, आणि ती फाटकातूनच परत जाते. वर अशिलाला बोलणी बसतात ती वेगळीच. डोक्याला टोपी का नाही, तारीख का छापली नाही, एकाच सुरीनं सगळं का कापता. समोरचा सरकारी माणूस रागावणार नाही इतकी ही स्वतःच्या माणसांवर रागावते. तरी माणसं हिलाच धरून असतात.

गेल्या साली उन्हाळ्याच्या तोंडाला वडीगोद्रीहून सोनूबाई आल्या. हायवेला लागूनच त्यांचं छोटं दुकान आहे. पापड, कुरडया आणि मुख्य म्हणजे येसर. ज्याला येसर माहीत नाही त्याच्यासाठी सांगतो. गहू, हरभऱ्याची डाळ, उडीद, तांदूळ, धने-जिरे आणि खडा मसाला सगळं खमंग भाजायचं आणि दळायचं. ते कालवून आमटी करायची, दाट, वर तवंग. आमच्याकडच्या लग्नात नवरदेव उशिरा आला तरी चालतो, येसर आमटी उशिरा आली तर माणसं कुरकुर करतात. आसपासच्या गावांत लग्न ठरलं की येसर भाजायला सोनूबाईंना बोलावणं जातं. गहू किती भाजायचा हे त्यांच्या नाकाला कळतं. दुकानातली पाकिटं तर पार पुण्या-मुंबईच्या गाड्या थांबून घेऊन जातात.

त्यांच्या हातात नोटीस होती. अन्न खात्यानं दुकानातून येसराचा नमुना नेला होता आणि तपासणीत तो कमी दर्जाचा ठरला होता. कारण लिहिलं होतं, अम्लात न विरघळणारी राख मर्यादेपेक्षा जास्त. सोनूबाईंना वाटलं, आपण येसरात चुलीतली राख घातली असा सरकारचा आरोप आहे. दीपमालानं सोपं करून सांगितलं की राख म्हणजे इथं वाळू, दगड, मातीचा अंश. तुमच्या येसरात बारीक खडा सापडला.

सोनूबाई ताठ झाल्या. तीन चाळण्या मारतो आमी, म्हणाल्या, दुकानात या आणि खडा दाखवा. मग हळूहळू खरं दुखणं बाहेर आलं. त्यांच्या मुलीचं, उमाचं, लग्न ठरलं होतं मंठ्याच्या घरात. सुनावणीनंतर थोड्याच दिवसांनी तिथी होती. नोटिशीची बातमी गावच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत फिरत मंठ्याला गेली आणि जाता जाता 'कमी दर्जा'ची 'भेसळ' झाली. विहीणबाईंनी निरोप धाडला की लग्नाचं जेवण आमचा आचारी करील, मसाला आमचा राहील, तुमचं येसर मांडवात नको. लग्न मोडत नव्हते ते. तेवढंच सांगत होते, आणि सोनूबाईंना तेच झोंबलं होतं.

"साऱ्या मुलखाच्या लेकीच्या लग्नात माझं येसर शिजलं, वकीलबाई," त्या म्हणाल्या. "माझ्या लेकीच्या मांडवात बाजारचा मसाला शिजंल का? दंड काय आसंल तो भरू. पन उमीच्या लग्नात माझं येसर शिजलं पायजे."

दीपमालानं वकीलपत्रावर त्यांची सही घेतली. रात्री, म्हणजे जेवताना, तिनं मला सांगितलं की कायद्यात मांडवाचं कलम नाही, पण केस मांडवाचीच आहे.

कामाला लागली की ती आधी आपल्याच अशिलावर संशय घेते. एका ओळखीच्या माणसाला साधं गिऱ्हाईक म्हणून वडीगोद्रीला धाडलं, पाकिटं विकत आणवली आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवली. रिपोर्ट आला, सगळं चोख. खड्याचा मागमूस नाही. यावर कुणीही खूश झालं असतं. ही चिडली. पाकिटं चोख आहेत तर सरकारच्या नमुन्यात खडा आला कुठून? प्रयोगशाळेवर संशय घ्यायचा तर पुरावा पाहिजे, आणि उगाच कुणाचं नाव खराब करणं हिच्या स्वभावात नाही. दोन-तीन दिवस घरात भांडी जरा जोरात वाजत होती. शेवटी रविवारी म्हणाली, गाडी काढा, जाऊन बघू. गाडी मी काढायची हे आमच्या घरी ठरलेलं आहे, कारण तिला गाडी चालवताना बाहेरचे बोर्ड वाचायची सवय आहे.

वडीगोद्रीत तिनं सगळं उलटंपालटं केलं. धान्याची पोती, निवडायची सुपं, भाजायच्या कढया, मागच्या खोलीतली चक्की, चाळण्या, पाकिटं बंद करायचं यंत्र. चक्कीत हात घालून बघितला, कोपऱ्यात बॅटरी मारली. काही सापडेना. जितकं स्वच्छ दिसत होतं तितकं हिचं तोंड उतरत होतं. सोनूबाई मागं मागं फिरत होत्या आणि माझ्याकडं बघून डोळ्यांनी विचारत होत्या की हे चांगलं का वाईट. मला काय माहीत. मला भूक लागली होती.

जेवायची वेळ झाली. सोनूबाईंनी ताट वाढलं. दीपमालानं नेहमीप्रमाणे हात जोडले, नियम सांगितला. मी म्हणालो, अशील तुझे आहेत, माझे नाहीत, आणि मांडी घालून बसलो. ज्वारीची गरम भाकरी, ठेचा, कांदा आणि वाटीत येसर आमटी. असा वास की मी डोळे मिटले. पहिला घास घेतला आणि दाताखाली कच् झालं.

आता विचार करा. घरधनीण समोर बसलेली, पंखा हलवत, तीन चाळण्या मारतो म्हणून छाती ठोकून सांगणारी. तिच्या आमटीत खडा लागला असं पाहुणा म्हणतो का कधी? मी गिळून टाकलं. दुसऱ्या घासाला पुन्हा कच्. तेही गिळलं. पण दीपमालाचा कान म्हणजे काय सांगू, मी लपून पेपरमिंट खाल्लं तरी तिला दुसऱ्या खोलीत कळतं. तिनं विचारलं, खडा लागला का? मी म्हणालो, छे, बिलकुल न्हाई, आमटी फर्स्टक्लास आहे. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं, खाली बसली, माझ्याच ताटातली भाकरी मोडली, माझ्याच वाटीत बुडवली आणि खाल्ली. नियम-बियम सगळं गेलं.

चावता चावता तिचे डोळे मोठे झाले.

"कचकचतंय," ती म्हणाली, आणि असा आनंद झाला तिला की तिनं माझ्या पाठीवर थाप मारली. "अहो, कचकचतंय!"

खडा लागला म्हणून इतकी खूश झालेली बाई मी तरी दुसरी पाहिलेली नाही. सोनूबाई बिचाऱ्या कावऱ्याबावऱ्या झाल्या. दीपमालानं त्यांचा हात धरला आणि विचारलं, मावशी, हे येसर कुठलं? दुकानातलं का? सोनूबाई म्हणाल्या, दुकानातलं कसं आसंल, तुम्ही पाहुणे, घरच्या डब्यातलं हाये. उमीच्या लग्नाचं.

मग सगळा उलगडा झाला. विकायचं येसर चक्कीवर दळतात. पण घरच्या लग्नाचं येसर जात्यावरच दळायचं असा त्यांच्याकडं रिवाज. अडगळीतलं जातं बाहेर काढलं, वर्षानुवर्षं दळून दळून गुळगुळीत झालेलं, म्हणून त्याला नव्यानं टाकी लावून, म्हणजे छिन्नीनं टोचून, घेतली. टाकी लावली की दगडाचा चुरा मोकळा होतो. अशा जात्यावर आधी भरपूर कोंडा दळायचा, तो गुरांना घालायचा आणि मग धान्य घ्यायचं, हे सोनूबाईंना माहीत नव्हतं असं नाही. पण त्या दिवशी भावकीतल्या बाया गोळा झाल्या, गाणी सुरू झाली, कोंड्याची मूठ-दोन मूठ टाकली की नाही तोच कुणीतरी गहू ओतला. तो दगडाचा चुरा इतका बारीक की चाळणीतून येसराबरोबरच खाली आला. तेच हे लग्नाचं येसर, पितळी डब्यात भरून देवळीत ठेवलेलं.

दीपमालानं विचारलं, मग नमुना घ्यायला अधिकारी आल्या तेव्हा त्यांना कुठलं दिलं?

सोनूबाई पदराशी खेळत मग सांगू लागल्या. अन्न खात्याकडून आल्त्या त्या यशश्रीबाई म्हणजे पोरगीच, उमीच्या वयाची. नुकतंच लग्न झालेलं, हातात हिरवा चुडा. उन्हात लाल झालेली. लेकीचं लग्न दारात आलेलं, आणि चुडा भरलेली पोर पहिल्यांदा उंबऱ्यात उभी. सोनूबाईंनी तिला आधी पाणी दिलं, कुंकू लावलं, ओटीला खण-नारळ काढला. ती म्हणाली, मावशी, मला काही घेता येत नाही, कुंकू तेवढं पुरे. मग तिनं दुकानातलं येसर मागितलं, तपासणीला. सोनूबाई आत गेल्या आणि घरच्या डब्यातलं घेऊन आल्या. पोरीनं विचारलं, हे विकायचंच आहे ना? घरचं आहे म्हटलं असतं तर तिनं घेतलं नसतं, म्हणून सोनूबाईंनी सांगितलं, हो हो, हेच विकतो आमी. तिनं नमुन्याचे चार भाग केले, सील केलं, सही घेतली, वर किंमतही हातावर ठेवली. ती घ्यायला सोनूबाईंना फार जड गेलं.

"पॅकिट कसं देऊ वकीलबाई तिला?" त्या म्हणाल्या. "दारात आल्ती ती."

दीपमाला इतकी हसली की तिला ठसका लागला. केस हातात आल्ती. नमुना विकायच्या मालाचा नव्हताच. फक्त एक करायचं होतं. सुनावणीत यशश्रीबाईंना विचारायचं की नमुना दुकानातून घेतला की आतून आला, आणि सोनूबाईंनी खरं सांगायचं.

तिथं सोनूबाई अडल्या. म्हणाल्या, न्हाई. त्या पोरीला काही विचारायचं न्हाई. साहेबासमोर विचारलं की ते म्हणतील, तू डोळे झाकून नमुना घेतला का. नवी नोकरी हाये तिची. दीपमालानं समजावलं, परत समजावलं, आवाज चढवला. सांगितलं की तुम्ही तोंड उघडलं नाही तर आपण हरू शकतो, आणि मग मांडवाचं काय ते तुम्हीच बघा. उमा दारात उभी राहून ऐकत होती. सोनूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, पण मान काही हलली नाही.

"माझ्या लेकीचा मांडव एका दिवसाचा हाये," त्या म्हणाल्या. "त्या लेकीची नोकरी जल्माची हाये."

जालन्यापर्यंत दीपमालानं रस्त्यावरचे बोर्डसुद्धा वाचले नाहीत. शहागडकडं जाणारी उसाची एक गाडी मला घासून गेली तरी मला रागावली नाही, तेव्हा मी ओळखलं की प्रकरण गंभीर आहे. घरी आल्यावर म्हणाली, अशिलानं मनाई केली म्हणजे केली. पण मला राग कुणावर काढायचा ते कळून नाही राह्यलं.

सुनावणी संभाजीनगरला होती. मी सुट्टी टाकून गेलो. शाळेत कारण लिहिलं, घरगुती. आपल्या दातानं शोधलेल्या केसचा निकाल ऐकायला जाणं घरगुतीच म्हणायचं. सोनूबाई नवं लुगडं नेसून आल्या होत्या, सोबत त्यांचे मालक रखमाजी, जे पहिल्यापासून शेवटपर्यंत टोपी हातात फिरवत राहिले. समोर यशश्रीबाई फाइल घेऊन बसलेल्या. सोनूबाईंनी त्यांच्याकडं बघून ओळखीचं हसू केलं. आपल्यावर केस घालणाऱ्या माणसाकडं बघून असं कुणी हसत नाही. दीपमालानं त्यांना कोपरानं ढोसलं.

सुनावणी घेणारे साहेब शांत, जरा कंटाळल्यासारखे दिसणारे गृहस्थ होते. दीपमालानं पाकिटांचा रिपोर्ट पुढं ठेवला, चक्कीचे फोटो ठेवले, सांगितलं की विक्रीचा माल निर्दोष आहे आणि हवा तर नव्यानं नमुना घ्यावा. साहेबांनी सगळं वाचलं. मग म्हणाले, ते ठीक आहे, पण या कागदावर तुमच्या अशिलाची सही आहे की दिलेला माल विक्रीचा होता. त्या खोटं बोलल्या होत्या का?

माझी बायको, जिला उत्तर द्यायला कधी वेळ लागत नाही, सोनूबाईंकडं बघत राहिली. सोनूबाईंनी बारीकशी मान हलवली. नाही. दीपमालानं पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाली, माझ्या अशिलाची त्याबद्दल काही सांगायची इच्छा नाही. मला वाटलं, संपलं. बाजारचा मसाला शिजणार.

"सर, मी बोलू का?" आवाज यशश्रीबाईंचा होता.

त्या उभ्या राहिल्या. म्हणाल्या, मी दुकानातलं येसर मागितलं होतं. मावशींनी मला कुंकू लावलं, त्या घरात गेल्या आणि पितळी डब्यातून येसर घेऊन आल्या. मी विचारलं विकायचं आहे का, त्या हो म्हणाल्या. मी तेवढ्यावर विश्वास ठेवला. साठा कुठला ते मी उठून बघायला पाहिजे होतं. आज पाकिटांचा रिपोर्ट ऐकल्यावर माझी खात्री झाली की तो नमुना दुकानातला नव्हता.

तेवढ्यात सोनूबाई एकदम उठल्या, वकिलाला न विचारता.

"तिचं काय चुकलं न्हाई साहेब. मीच खोटं बोलले. नवी नवरी दारात आल्ती, तिला घरचं देऊ का दुकानातलं देऊ?"

साहेबांनी चष्मा काढला. म्हणजे, दुकानातलं वाईट असतं का? दीपमालानं डोळे मिटून घेतले, कारण यासारखा घातक प्रश्न दुसरा नव्हता. पण सोनूबाईंना काही घातक वाटलं नाही. त्या म्हणाल्या, वाईट कशाला आसंल? दुकानातलं गिऱ्हाइकाचं, ते बराबर चोख पायजे. घरचं आपल्या मानसाचं. आता त्यात जात्याचा दगड उतरला त्याला मी काय करू, टाकी लावणाऱ्याला इचारा.

साहेब खिडकीकडं तोंड करून हसले. आम्हा सगळ्यांना त्यांचे खांदे दिसत होते. मग त्यांनी तोंड सरळ करून आदेश सांगितला. नमुना विक्रीच्या मालाचा नसल्यानं प्रकरण बंद, पाकिटांचा नवा नमुना घ्यावा. सोनूबाईंना दम भरला की अधिकाऱ्याला खोटं सांगणं हाच मोठा गुन्हा आहे, पुन्हा ऐकून घेणार नाही. यशश्रीबाईंना म्हणाले, पुढच्या वेळी माल स्वतः उचला. एवढंच म्हणाले, आणि फाइल मिटली.

बाहेर व्हरांड्यात सोनूबाईंनी यशश्रीबाईंना गाठून आधी रागावून घेतलं, कशाला बोललीस म्हणून, आणि मग तिच्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. यशश्रीबाई म्हणाल्या, मावशी, माझ्या आईनंही तेच केलं असतं, म्हणून तर मला शंका आली. दीपमाला भिंतीकडं तोंड करून फाइल आवरत होती. फार वेळ आवरत होती.

आदेशाची नक्कल आणि येसराचं एक पाकीट घेऊन रखमाजी मंठ्याला गेले. विहीणबाई मोठ्या हुशार. त्यांनी कागद तसाच बाजूला ठेवला, पाकीट फोडलं आणि चुलीवर आमटी टाकली. घरातल्या सगळ्यांना वाढली, रखमाजींनाही वाढली. निरोप दुसऱ्याच दिवशी आला की आचारी आमचा, पण येसर तुमचं.

लग्नाला आम्ही दोघं गेलो. प्रकरण निकालात निघालंय, सबब सोनूबाई आता अशील राहिल्या नाहीत, असा कायद्याचा बारकावा दीपमालानं मला गाडीत समजावून सांगितला. मी काही हरकत घेतली नाही. मांडवात शिरताच ती आधी स्वयंपाकाच्या पालात गेली आणि आचाऱ्यांना डोक्याला रुमाल बांधायला लावून आली. नवा नमुनाही पास झाल्याचं यशश्रीबाईंनी फोनवर कळवलं होतं. स्वतः आल्या नाहीत, येणं बराबरही दिसलं नसतं. पंगत बसली. चक्कीवरचं, पाकिटातलं, चोख येसर हंड्यात उकळत होतं आणि सोनूबाई लेकीच्या अक्षता विसरून हंड्यापाशीच उभ्या होत्या. विहीणबाईंनी आमटीची वाटी परत पुढं केली, मग आणखी एकदा केली. तिसऱ्या वेळी सोनूबाईंनी पळी दुसऱ्या कुणाला धरू दिली नाही, स्वतःच वाढलं. त्या वेळी त्यांचं तोंड जे फुललं होतं ते मी काही लिहून सांगू शकणार नाही.

निघताना सोनूबाई गाडीपाशी आल्या आणि खिडकीतून एक पितळी डबा दीपमालाच्या मांडीवर ठेवला. मी स्टेअरिंग धरून वाट बघत बसलो की आता डबा परत जातो. काजूकतलीचा अनुभव होता. दीपमालानं डबा उचलला आणि सवयीनं उलटा केला. खाली कागद चिकटवलेला होता, उमाच्या अक्षरात. ती मोठ्यानं वाचायला लागली. येसर. गहू, हरभरा डाळ, उडीद, तांदूळ, मसाले. दळल्याची तारीख. जात्यावर दळलेलं. अगोदर कोंडा दळून जातं साफ केलं, कोंडा म्हशीला घातला. आणि त्याच्या खाली एक ओळ होती. ती तिनं मोठ्यानं वाचली नाही. मी मान वाकडी करून बघितली. लिहिलं होतं, विकायचं न्हाई.

डबा परत गेला नाही.

दुसऱ्या दिवशी त्या येसराची आमटी मी केली, कारण आमच्याकडं आमटी मीच बरी करतो. दीपमाला खायला बसली. भाकरी बुडवून खाल्ली आणि हळूहळू चावत राहिली, कान देऊन. दुसरा घास घेतला, तोही तसाच. खडा काही लागला नाही. लग्नाची एवढी धावपळ, आणि त्यातून वेळ काढून त्या बाईनं हिच्यासाठी जात्यावर परत दळण टाकलं होतं.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी विचारलं, तिखट झालं का?

"वाढा अजून," ती म्हणाली.